माझी फजिती पुण्याच्या सरांपर्यंत पोचली

काल सकाळी आमच्या घरी एक भारी गंमत झाली... सांगितल्याशिवाय मला करमायचं नाही. हल्ली फोनवर बोललं की आपोआप लिहिलं जातं, त्यामुळे माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईची चैन आहे.

माझी नात सई पुण्याला कॅन्सरवर संशोधन करते. सध्या इथे रत्नागिरीत येऊन घरूनच काम चाललंय. गाठीच्या तुकड्यातली एकेक पेशी वेगळी तपासायची... आणि कुठली गाठीची, कुठली चांगली, ते कॉम्प्युटर सांगणार. चांगल्या पेशीत सगळ्या माहितीच्या दोन-दोन प्रती असतात म्हणे, आईकडची एक, वडिलांकडची एक. गाठीच्या पेशीत कुठे जास्त, कुठे कमी. इतक्या वेळा ऐकलंय की आता मीच शेजारणींना सांगते!

पण परवापासून पोरीचं जेवणात लक्ष नव्हतं. बांगड्याचं तिखलं केलं, तरी नुसती चिवडत बसली... ज्या निकालावर तिचे सर खूश होते, तोच उलटा निघाला होता. कॉम्प्युटरने चांगल्या पेशींना कॅन्सरच्या ठरवलं आणि कॅन्सरच्यांना चांगल्या. चूक तिलाच सापडली, आता सरांना सांगायचंही तिनेच.

काल कॉम्प्युटरवरच सरांशी ती मीटिंग होती. मी आत सोलकढीसाठी नारळ खवत होते, दार उघडंच. ऐकते तर काय... "सर, माझी आजी एकदा चुकीच्या लग्नात जाऊन बसली होती."

माझा हातच थांबला!

खरं आहे ते. नणंदेच्या नातवाचं लग्न होतं, मिरजोळ्याच्या बाजूला. एकाच कार्यालयात वर-खाली दोन लग्नं, आणि मी शिरले खालच्या हॉलात. सगळी तोंडं अनोळखी, पण म्हटलं मुलीकडची असतील... एवढी गर्दी आहे म्हणजे आपलंच लग्न! सरबत प्यायले, गजराही माळला. इतक्यात माझी धाकटी जाऊ शोधत आली, तर मीच तिला म्हणते, "काय गो, तू या लग्नात कशी? चुकलीस होय?"

"ताई, चुकलात तुम्ही! आपलं लग्न वर आहे!"

सई सरांना तेच समजावत होती. या तुकड्यात जवळजवळ सगळ्या पेशी गाठीच्याच होत्या. कॉम्प्युटरने गर्दी बघितली, तिलाच घरची माणसं धरलं... आणि खरी घरची चार माणसं परकी ठरवली. आता ती कॉम्प्युटरला आधी शरीराच्या राखणदार, रोगाशी लढणाऱ्या पेशी ओळखून दाखवणार, या नक्की आपल्या. मग बाकीच्या त्यांच्याशी ताडून बघायच्या.

पलीकडे सर मोठ्याने हसले. "आजींना नमस्कार सांग. आणि बरं झालं आत्ताच बोललीस. परत करून बघ."

सई आत आली तशी मी म्हटलं, "मेल्ये, माझी अब्रू पार पुण्याला नेलीस!" ती गळ्यात पडली. म्हणाली, "आजी, तिखलं उरलंय का गं?"

दोन भाकऱ्या खाल्ल्या पोरीने... माझंच पोट भरलं.

त्या फजितीवर घरात आजवर सगळे नुसते हसले. काल पहिल्यांदा ती माझ्या नातीच्या कामाला आली, देवाची कृपाच म्हणायची. पुढच्या आठवड्यात त्याच कार्यालयात अजून एक लग्न आहे... या वेळी आधी जाऊबाई शोधीन, मग खुर्ची.