उभा लावलेला चिरा

आमच्या रत्नागिरीकडे भुतांना तोटा नाही. दर पाणंदीला एक, दर पिंपळाला एक, आणि प्रत्येकाच्या चुलत्याला त्यातलं निदान एक तरी भेटलेलं असतंच! मी उभं आयुष्य लॉरी चालवली... वेळी-अवेळी, स्मशानांवरून, देवराईतून... मला मेलं एकही कधी आडवं आलं नाही. त्यामुळे या सदरातले अनुभव वाचून मी आजवर गालातल्या गालात हसतच आलो. तरी आज लिहायला बसलोय, कारण एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही. ती भुताची म्हणावी की नाही, हेही मला ठरवता आलेलं नाही.

साल एकोणीसशे तीसच्या आगेमागे. मी मिरजोळ्याचा, घरी पोटापुरती भातशेती. मुंबईची गिरणी सुटली तसा बायको-मुलीला घेऊन गावी परतलो आणि रत्नागिरी-कोल्हापूर लॉरीवर क्लीनर म्हणून लागलो. पंचविशीचा बाप्या हातात फडकं घेऊन फिरतो म्हणून लोक हसायचे. हसोत बापडे. मला ड्रायव्हर व्हायचं होतं.

लॉरीचे ड्रायव्हर विठूदादा. गुहागरचे, पूर्वी बोटीवर इंजिनखात्यात होते. तोंडाने फटकळ, पण माणूस सोन्यासारखा. सड्यावरच्या सपाट रस्त्यावर मला चाक हातात द्यायचे, शिव्या देत देत शिकवायचे. घाटात मात्र कधीच नाही. घाटात क्लीनरचं काम एकच — गाडी थांबली की उडी मारून मागच्या चाकाला काहीतरी लावायचं. तेव्हाच्या लॉरीचा हँडब्रेक नावापुरता. इंजिन बंद पडलं तर खाली उतरून पुढून हँडल मारावं लागे, आणि ब्रेकवरचा पाय काढला की गाडी मागे! त्यामुळे चाकामागे लाकडी ठोकळा नाहीतर दगड हा हवाच. दगड लावायची सगळ्यांची पद्धत आडवा लावायची. मी लावायचो उभा, थोडा डोंगराकडे कललेला. का, ते मलाही सांगता यायचं नाही, हाताला तसंच वळण. दादा दर वेळी ओरडायचे, "आडवा लाव रे, आडवा! सगळ्या रस्त्यावर असा उभा लावणारा तू एकटाच शाना!"

गणपती नुकतेच गेले होते. नारळ आणि सुपारीची पोती भरून आम्ही कोल्हापूरला निघालो होतो. साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो तर भर दुपारी असं धुकं, की बॉनेटच्या पुढचं दिसेना. अर्ध्या घाटात रेडिएटर तापला म्हणून थांबलो. इंजिन चालूच ठेवलं होतं. मी ठोकळा लावला आणि गाडीचा भार येताच तो मधोमध फुटला. दादांनी मला आत ब्रेकवर बसवलं आणि स्वतः दगड शोधायला कडेच्या गवतात शिरले.

कोकणातला माणूस दगड उचलताना आधी पायाने हलवून बघतो. फुरसं म्हणजे साप हाताएवढाच, पण जहरी, आणि दगडाखालीच बसलेला असतो. दादाही तसंच करायचे, मलाही तेच सांगायचे. त्या दिवशी घाई झाली असावी.

डावा हात उजव्या हातात घट्ट धरून ते परत आले. "भिकू, फुरसं चावलं."

रुमालाने मनगट आवळून बांधलं. माझे दात वाजत होते, त्यांचे नाही. गाडी वळवायला जागा नव्हती. वर चढून मलकापूरचा दवाखाना गाठणं एवढंच शक्य होतं.

"चल," शेजारी चढून बसत ते म्हणाले.

"दादा, मी? घाटात?"

"मग काय फुरशाला सांगू चालवायला?"

देवाशपथ सांगतो, तशातही हसू आलं मला. आणि मी गाडी काढली. पहिलं वळण निघालं, दुसरं निघालं. दादा डोळे मिटून सांगत होते, "क्लच हळू... हां... आता दे रेस." हळूहळू त्यांचं सांगणं कमी झालं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. मी मनात देवाला म्हणत होतो, माझी नोकरी घे, काही घे, या माणसाला राहू दे.

वरच्या उभ्या वळणावर गियर चुकला आणि इंजिन बंद पडलं.

दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. तरी गाडी मागे सरकायला लागली... हळू, पण सरकायला लागली. मागे कठडा, त्यापलीकडे दरी. दादांना खाली उतरवणं शक्य नव्हतं, आणि मी उतरलो तर गाडीसकट दादा गेले. मी मोठ्याने ओरडलो, "कोणी आहे काय?" त्या धुक्यात कोण असणार!

मागे 'ठक्' असा आवाज झाला आणि गाडी थांबली.

मी पाय जरासा उचलला. गाडी हलेना. पूर्ण उचलला, तरी नाही. उतरून मागे गेलो. चाकाखाली जांभ्याचा चिरा होता. आपल्याकडे घर बांधायला वापरतात तसला तासलेला, लालभडक, एक कोपरा उडालेला. त्या घाटात वर सगळा काळा कातळ, तिथे चिरा आला कुठून? आणि आला तो आला, लावलेला होता उभा. डोंगराकडे थोडा कललेला.

विचार करायला वेळ नव्हता. हँडल मारलं, इंजिन लागलं. गाडी निघाली तसे दादा डोळे न उघडता पुटपुटले, "त्याला वर घे रे... भिजतोय."

"कोणाला, दादा?"

चढावर थांबता येत नाही. दगड लावणाऱ्याने मागून धावत येऊन चढायचं, हीच रीत. वर सपाटीला आलो तेव्हा क्षणभर थांबलो, दार उघडलं, हाक मारली. कोणी आलं नाही.

मलकापूरच्या डॉक्टरांनी शर्थ केली. दादांचं एक बोट गेलं, पण दादा राहिले! पुढे त्याच हाताने गियर टाकायचे आणि त्याच तोंडाने शिव्या द्यायचे. खाटेवर उठून बसले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना काहीच आठवत नव्हतं. चिरा उभा होता म्हटल्यावर मात्र खदखदून हसले. "उभा? मग तूच लावलास, मेल्या. दुसरं कोण लावतंय असा?"

"मी ब्रेकवर होतो, दादा."

त्यांनी चहा मागितला.

मला लायसन मिळालं. काही वर्षांनी मी मिरजोळ्याला घर बांधायला काढलं. जोत्याचं काम चालू होतं, म्हणून गाडी सोडून घरीच होतो. एका दुपारी सावर्ड्याचा रघू आला. चांगला पोरगा, माझ्याच हाताखाली शिकून नुकता ड्रायव्हर झालेला. आला तो तोंड पाडून.

"भिकूदादा, रागावलात काय माझ्यावर?"

"का रे बाबा?"

मग म्हणाला, परवा कोल्हापूरला जाताना आंबा घाटात वरच्या वळणावर त्याची गाडी बंद पडली. क्लीनर तापाने फणफणला म्हणून त्याला साखरप्यालाच ठेवलेलं. एकटा ब्रेकवर उभा, गाडी मागे चाललेली, आणि धुकं. "तेवढ्यात तुम्ही आलात. खांद्यावर चिरा घेऊन. तोंड नाय दिसलं नीट, पण चिरा उभा लावलात. त्यावरनंच वळखलं. तुम्ही नसतात तर आज माझ्या आयशीला कोण सांगणार होतं, सांगा."

परवा मी दिवसभर घरी होतो. गवंडी साक्षीला आहे. त्यानेच तर त्या संध्याकाळी मला विचारलं होतं, कोपरा उडालेला चिरा पायरीसाठी बाजूला ठेवला होता तो कुठे नेलात म्हणून. मी त्याला उडवून लावलं होतं, चिऱ्याला काय पाय फुटले? माझे हात लाल होते खरे, पण जोत्यावर राबणाऱ्याचे हात लालच असतात.

पुष्कळ विचार केला. एखादा चिरा चोरीला जातो, धुक्यात माणूस भलताच दिसतो, सगळं कबूल. तरी हिशेब जुळत नाही, आणि आता जुळेल असं वाटतही नाही. एवढं मात्र खरं, की त्या दिवसापासून घाट चढताना मला कधी भीती वाटली नाही.

रघू अजून पायरीच्या जागेवर उभा होता.

"वर सपाटीला दार उघडं ठेवून किती वेळ थांबलो," तो म्हणाला. "हाका मारल्या. आलात नाय ते?"

मी नव्हतोच रे, असं सांगणार होतो. तोंडातून भलतंच निघालं.

"मला खाली जायचं होतं," मी म्हटलं. "खाली आणखी एक गाडी अडकली होती, आत फुरसं चावलेला माणूस."