भुरकेभाईंची जीभ

“भुरका मार! अरे, मांजरासारखा चाटतोस काय? भुरका मार, भुरका!”

आखातातल्या जिदहफ्स गावी, चहाच्या गोदामात माझ्यावर ओरडणारे हे गृहस्थ म्हणजे भुरकेभाई. गाव रत्नागिरीजवळचं, खरं नाव व्हिसावर असेल तर असेल. गोदामात येणारी चहाची प्रत्येक पेटी ते चाखून पास-नापास करायचे. चमचाभर कोरा चहा ओठांशी नेऊन असा भुरका ओढायचे, की बुदैयाच्या हायवेवरचे ड्रायव्हर टायर फुटला समजून गाड्या कडेला घ्यायचे. दोघांना जॅक काढताना मी स्वतः पाहिलंय. चहा पिताना आवाज केला म्हणून लहानपणी आईचे धपाटे खाल्ले. इथे आवाज केला नाही म्हणून बोलणी. “हवा आत गेली तर चाय नाकात चढते, बाबा. जीभ बिचारी गोड-कडू सांगते, बाकी सगळी खबर नाकाकडे.”

मी तिथे व्हॅन चालवायला होतो. एकदा सहज म्हणालो, “कालचा चहा जरा करपलेला होता.” त्या दिवसापासून भाईंनी मला टेबलाशी उभं केलं. ‘चांगली’ हा शब्द बंद. “चांगली म्हणायचं ते घरी, बायकोला खूश करायला. इथे कशासारखी लागते ते बोल.” मग मला वाचा फुटली: ही ओल्या गोणपाटासारखी, ही नव्या चपलेसारखी, ही कच्च्या केळ्यासारखी तोंड आवळणारी. कांदा-लसूण वर्ज्य. माझ्या डब्यातली सुकट भाई जप्त करायचे आणि पुरावा जागच्या जागी खाऊन टाकायचे. मीठ विसरलेलं असलं तरी तक्रार नाही.

पुढे त्यांनी नवाच नियम काढला: “आधी तू.” मी भुरका मारून चव सांगायची, मग भाई माझ्या दुप्पट आवाजात भुरका मारणार आणि म्हणणार, “बरोबर.”

भाई कायमचे गावी निघाले, तेव्हा अरबाब, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, “हा ड्रायव्हर माझ्यासमोर पाच कप ओळखू दे. ओळखले तर भाईंची खुर्ची त्याची, नाहीतर व्हॅन.” त्या धास्तीने सकाळी मीच कप घासले, आणि तेही लिंबाच्या साबणाने. खरं तर चाखायचे कप नुसत्या गरम पाण्याने धुवायचे असतात.

चार कप बिनबोभाट गेले. पाचव्याला भाईंना राहवेना. त्यांनीच आधी भुरका ओढला आणि अरबाबना ऐटीत सांगितलं, “आसाम. एकदम दमदार!” मग मी ओढला. आसाम कुठला? साबण! शब्दागणिक तोंडातून बुडबुडे निघतील अशी परिस्थिती. तेवढ्यात अरबाबचा चमचा त्याच कपाकडे निघाला. साबण म्हणालो, तर खुर्ची माझी आणि भाईंचं तीस वर्षांचं नाव मोरीत. माझं कोपर असं काही हललं की कप, टेबल, अरबाबचा पांढराशुभ्र पायघोळ थोब, सगळं आसाम झालं.

“खलास! व्हॅनच चालव तू!” अरबाब गरजले. भाई मात्र उठले, एक कप स्वतःच्या हाताने गरम पाण्याने तीनदा विसळला, नवा चहा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. या खेपेला स्वतः चमचाही उचलला नाही. मी ओळखलं: आसामच होता. खुर्ची मिळाली.

विमानतळावर भाईंना सोडताना धीर करून विचारलं, “भाई, चव कधीपासून येत नाही?”

“तापातून उठलो तेव्हापासून. वर्ष झालं.”

“मग वर्षभर चहा कोण निवडत होतं?”

“तू. बॅग उचल.”