दाजींची जॅक प्लेट आणि माझी जागा

"सुध्या, पाणी अजून उतरलंय. रविवारी ये, बटणाची लई मजा येणारे," असा दाजींचा फोन शुक्रवारी आला आणि शनिवारी सकाळी आक्काचा. ती एवढंच म्हणाली, "तुझे दाजी गेले रे..." मी तेव्हा गळाची गुंतलेली दोरी सोडवत बसलो होतो. ती अजून तशीच गुंतलेली आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, हर्सूलला राहणारे आणि मासेमारीच्या वेडापायी नाथसागरावर इंजिनाची एक छोटी नाव ठेवलेले. ती दुष्काळाची वर्षं होती. शहर चहूबाजूंनी वाढत होतं आणि धरणाचं पाणी काठ सोडून आत आत सरकत होतं. उथळ पाण्यात इंजिनाचा पंखा गाळात रुतायचा, मग दाजी गुडघाभर चिखलात उतरून नाव ढकलायचे. त्यांना हृदयाचं दुखणं झालं तसं आक्कानं बजावलं, "परत गाळात उतरलात, तर मी नाव विकून टाकीन." आक्का बोलली की करते. दाजींच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात त्यांना जॅक प्लेटचा शोध लागला आणि घरात लग्नघाई सुरू झाली. नाव आणि इंजिन यांच्यामध्ये बसवायची ही धातूची चौकट. ती इंजिन सरळ वर उचलते, मग उथळातही पंखा तळाला लागत नाही. पण घ्यायची कुठली? पान्यानं फिरवायची साधी घेतली, तर दर वेळी नाव थांबवून मागं वाकावं लागणार. बटणावरची हायड्रॉलिक चालता चालता वर जाते, पण तिच्या पंपाचं आणि बॅटरीचं वजन छोट्या नावेला झेपेल का? कोकणातल्या दुकानदारानं फोनवर विचारलं, "संभाजीनगरला कुठला समुद्र?" दाजी म्हणाले, "समुद्र नाय, गाळ आहे. भरपूर." शिवाय इंजिन फार वर गेलं तर त्याला थंडाव्याचं पाणी ओढता येत नाही आणि ते तापतं. ते किती वर चालेल हे बघायला, नळाला पाणी आलं त्याच दिवशी दाजींनी अंगणातल्या पिंपात इंजिन बुडवून सुरू केलं. आख्खी गल्ली गोळा झाली.

"लोक टँकरमागं पळतात अन् तुम्ही इंजिनाला पाणी पाजताय?" आक्का म्हणाली.

"ते तापून जळालं, तर नाव बसलीच गाळात," दाजी म्हणाले. आक्कानं त्या तेलकट पाण्यानं संडास धुतला आणि संध्याकाळपर्यंत अबोला धरला.

शेवटी हायड्रॉलिकच ठरली. अडचण एकच, तिच्यामुळं इंजिन जरा मागं सरकतं, मागची बाजू दबते आणि नावेचं टोक वर उठतं. दाजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तू पुढं बसायचं. प्लेट तुझं वजन धरूनच निवडलीय." जन्मभर मला जाड्या म्हणणारा माणूस त्या दिवसापासून मला आग्रह करकरून वाढायला लागला! पहिल्या दिवशी उथळ आलं, तळ दिसायला लागला, दाजींनी बटण दाबलं आणि घर्रर्र करत इंजिन वर आलं. आम्ही गाळावरून अलगद निघालो. दाजींनी फक्त पाय वर करून मला कोरड्या चपला दाखवल्या. घरी गेल्यावर आक्कालाही दाखवल्या.

परवा आक्का नाव विकायची म्हणून काठावर आली होती. जन्मात कधी नावेत न बसलेली. शेवटची एक फेरी मारावी म्हणून मी एकटाच इंजिनापाशी बसलो, तर टोक असं वर उठलं की पुढचं काही दिसेना. दाजींचा सगळा हिशेब दोघांचा होता... मला रडू फुटलं. मी नाव काठाला आणली. आक्कानं चपला हातात घेतल्या आणि माझ्या जागेवर जाऊन बसली. टोक खाली आलं.

"तुझ्याइतकं वजन नाय माझं," ती म्हणाली.

"पुरतंय की, आक्का."

थोडं आत गेल्यावर पाण्याचा रंग मातकट झाला. दाजींकडून रोज ऐकलेलं, माझ्याआधी तिलाच कळलं. मागं न बघता ती म्हणाली, "उथळ आलं. दाब आता बटण." मी दाबलं. घर्रर्र करत इंजिन वर आलं.

मग डोक्यावरचा पदर पुढं ओढत आक्का म्हणाली, "रविवारी येताना मला एक टोपी आण. इथं पुढं ऊन लई लागतं."