फुकट ॲपची फी

नाशिकहून दिंडोरीला जाणाऱ्या एसटीत तो रोज ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. द्राक्षबागेत फवारा कधी मारायचा, हे हवामान बघून सांगणारं ॲप त्याने बनवलं होतं. ते फुकट तर होतंच, वर आतला सगळा कोडही त्याने खुला ठेवला होता. कोणीही घ्या, बदला, वाटा. हे सांगताना तो प्रसाद वाटल्यासारखा हात पुढे करायचा.

मी नोकरदार माणूस, त्यामुळे दुसऱ्याच्या धंद्याची मला फार काळजी. एकदा विचारलंच, "अहो, सगळंच वाटून टाकल्यावर तुमची चूल कशी पेटते?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "सर, ॲप म्हणतंय आज फवारा मारा. पण लय ढगाळ हाय. मारू का?"

त्याने स्क्रीनकडे पाहिलं, उगाच जरा गंभीर चेहरा केला आणि म्हणाला, "मारा."

फोन ठेवून मला म्हणाला, "हे आपलं गिऱ्हाईक. वर्षाची फी भरतात."

"कशाची? तुम्ही तर ॲपमधलंच वाचून दाखवलंत!"

"हो, पण बाग बिघडली तर ॲपला शिव्या घालता येत नाहीत ना. त्याला माणूसच लागतो."

पुन्हा फोन वाजला. या वेळी त्याने तो कानापासून वीतभर लांब धरला आणि शांतपणे म्हणाला, "बोला, दादा."

दिंडोरी येईपर्यंत दादा आपली फी वसूल करत होते.