दुप्पट तेल

त्या दिवशी देव मला शिक्षा करतो आहे, असं मला खरोखर वाटलं होतं. माझी थोरली बहीण वर्ध्याच्या दवाखान्यात होती. तिचं रक्त बी निगेटिव्ह, माझंही तेच. दुसरा कुणी रक्तदाता मिळाला नव्हता. अकरापर्यंत मी रक्त दिलं तर तपासणी होऊन संध्याकाळच्या आत तिचं ऑपरेशन होणार होतं, आणि डॉक्टरांनी आणखी थांबायची तयारी दाखवली नव्हती.

आंजीहून सव्वाआठला मी पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारी जुनी स्कूटर काढली. जेमतेम पाऊण तासाचा रस्ता. गावच्या मारुतीला मी रोज अकरा प्रदक्षिणा घालतो. त्या दिवशी घाईत सातच झाल्या. सहाव्या किलोमीटरला स्कूटर कण्हत कण्हत बंद पडली, तेव्हा मला आधी आठवल्या त्या राहिलेल्या चार प्रदक्षिणा.

प्लग काढून पुसला. पंचवीस किका मारल्या. एसटी नुकतीच गेली होती, दोन ऑटो खच्चून भरलेले गेले. मी गाडी ढकलत निघालो. घाम आणि डोळ्यांतलं पाणी एकत्र वाहत होतं.

रस्त्याकडेच्या शेतात सत्तरीचे एक गृहस्थ पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झालेली वाळकी झाडं, जाळत होते. त्यांनी हाक मारली, "काय झालं जी? गाडीले फिरवून राह्यले का तिच्यावर फिरून राह्यले?"

मी ताईचं सांगितलं. त्यांची थट्टा तिथेच थांबली. "माही गाडी पोरगा घेऊन गेला. कोणी आलं त हात दाखवू. तोवर पाहू." त्यांनी मला कीक मारायला लावली आणि तळहात सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. "फुंकरच नाई. गच्च भरला आहे. काढा."

पाने माझ्या डिकीत होतेच. सायलेन्सर निघाला तसा त्यांनी तो पऱ्हाट्यांच्या निखाऱ्यात सारला. काळा, तेलकट धूर उठला. मी घड्याळ बघत होतो. ते शांतपणे काडीने निखारे ओढत होते.

"पेट्रोलमंदी तेल किती टाकता?"

"लिटरला चाळीस मिली. मोजून."

"चाळीस? वीस पुरते! दुप्पट काऊन?"

"कमी पडू नये म्हणून, काका."

"मारुतीले वाहाचं तेल इंजनले वाहता का? असा भरवसा नसल्यावर इंजन श्वास तरी कुठून घेईल!"

मला हसू आलं, आणि लगेच लाजही वाटली. तीन वर्षं मी झाकणाने मोजून, काटेकोरपणे, ही चूक करत होतो. काळजीपोटी टाकलेलं तेलच जळून आत साचलं होतं. देवाने कसलाही हिशेब चुकता केला नव्हता.

गोणपाटात धरून त्यांनी सायलेन्सर बाहेर काढला, निवल्यावर दगडावर आपटला, कुंपणाच्या तारेने आत खरवडलं. डांबरासारख्या पोपड्यांचा ओंजळभर ढीग पडला. बसवल्यावर दुसऱ्याच किकेला गाडी सुरू झाली. मी वाकून नमस्कार करायला गेलो तर ते ओरडले, "पाया मंग पडजा, आधी बहिणीकडे जा!"

दहा वाजून पस्तीस मिनिटांनी माझ्या हातात सुई टोचली गेली. संध्याकाळी ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी ताईने चहा मागितला आणि साखर कमी आहे म्हणून तक्रार केली. ती तक्रार ऐकून मी व्हरांड्यात जाऊन रडलो.

पुढच्या शनिवारी पेढे घेऊन त्या शेतावर गेलो. काका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसले होते. "तुमच्या रूपानं देवच भेटला," असं म्हणालो, तर म्हणाले, "मी त आदल्या दिवशी वारा होता म्हणून त्या दिवशी पऱ्हाट्या जाळून राह्यलो होतो. देवानं वारा केला असंन त त्याले माहीत." मग पेढा तोंडात टाकत, "तेल किती टाकलं आज?"

"वीस."

"मंग झालं."

त्या सकाळी तो विस्तव तिथे का होता, हे मी शोधत बसत नाही. होता, एवढ्यासाठी मी आयुष्यभर ऋणी आहे. मारुतीच्या प्रदक्षिणा आजही घालतो. सवयीने बोटं मोजू लागली की हात जोडून घेतो.