स्कॉटलंडला जाताना लागलेलं माझं लसींचं कार्ड

मुलुंडच्या घरी ओट्यापाशी भेंडी चिरत होते तेव्हा स्कॉटलंडहून मेल आला. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाआधी मिळणाऱ्या मोकळ्या दिवसांत, चार आठवडे तिथल्या एका छोट्या हॉस्पिटलात बघ्या विद्यार्थिनी म्हणून या. गाव समुद्राकाठचं. नाव सांगत नाही, कारण गावात हॉस्पिटल एकच आहे. मी सुरीसकट उडी मारली. आई म्हणाली, "आधी सुरी ठेव, केतकी. मग जा कुठे जायचं तिथे."

मेलखाली एक फॉर्म जोडला होता, आणि खरा प्रवास तिथूनच सुरू झाला. तुम्ही अशा प्लेसमेंटची स्वप्नं बघत असाल तर माझं ऐका: विमानाचं तिकीट नंतर बघा, आधी कपाट उघडा. डीनचं पत्र, पोलिसांचा दाखला, विमा हे सगळं रांगेत उभं राहून मिळतं. अडतं ते आरोग्याच्या फॉर्मपाशी. कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही, कांजिण्या, टीबी, सगळ्याचे रक्ताचे रिपोर्ट. तेही लॅबने पासपोर्ट बघून रक्त घेतलं अशी नोंद असलेले. माझ्या पहिल्या रिपोर्टवर ती नोंद नव्हती, म्हणून दुसऱ्यांदा हात पुढे करावा लागला. खर्चात तिकिटाखालोखाल नंबर या तपासण्यांचा लागतो, तेव्हा पहिल्याच वेळी नोंद मागून घ्या.

आणि शेवटची अट: लहानपणच्या लसींचं मूळ कार्ड, प्रत्येक नोंदीपुढे डॉक्टरची सही आणि शिक्का. इंग्रजीत नसलेला शब्द अन् शब्द भाषांतर करून. हे सगळं तीन आठवड्यांत, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला.

कार्ड बाबांच्या फाइलमध्ये होतं. माझे बाबा मरोळच्या एमआयडीसीत औषधांच्या खोक्यांच्या छापखान्यात सुपरवायझर होते. छापखान्याच्या शेडवरून विमानं अगदी खालून उतरायची आणि जेवताना ते आम्हाला आज कुठकुठली आली ते सांगायचे. त्यांनी पासपोर्टही काढून ठेवला होता. "जायचं कुठे?" असं आई विचारायची, तर म्हणायचे, "ते नंतर ठरवू ना." मी बारावीत असताना ते गेले. पासपोर्ट कोराच राहिला. स्कॉटलंडचा अर्ज मी भरला तो अभ्यासासाठी, हे कॉलेजला सांगायचं कारण. खरं कारण असं की आमच्या घरातल्या कुणीतरी एकदा त्या विमानात बसायला हवं होतं.

फाइल उघडली आणि माझी वाट लागली. बाबा गेल्यानंतर त्यांचं काहीही खराब होऊ नये म्हणून आईने सगळी फाइल लॅमिनेट करून आणली होती. रेशनकार्ड, माझी मार्कशीट, सगळं. त्यांचा कोरा पासपोर्ट तेवढा दुकानदाराने सोडला. आणि माझं लसींचं कार्ड, जे मधोमध घडी घातलेलं होतं, ते तसंच घडी घातलेलं प्लास्टिकमध्ये बंद. बाहेरून बाबांच्या अक्षरातलं माझं नाव आणि जन्माचं वजन दिसत होतं. तारखा आत.

"मग मी चूक केली का गं?" आईने विचारलं. मी नाही म्हटलं. पण तिने पुन्हा त्या फाइलला हात लावला नाही. बाबांचं अक्षर दिसलं की ती खोलीतून उठून जाते, हे मला माहीत होतं.

पहिला मुक्काम म्हणून घरापासून दहा मिनिटांवरचं, स्टेशनजवळच्या गल्लीतलं शांतीभाईंचं झेरॉक्सचं दुकान लिहा. लॅमिनेशन त्यांनीच केलं होतं. त्यांनी कार्ड उजेडात धरलं, नखाने कड दाबून बघितली.

"मम्मी रडत होत्या त्या दिवशी," ते म्हणाले. "मी काय विचारणार, उघडा करू की बंद? दिलं तसं टाकलं मशीनमध्ये."

"आता उघडेल का?"

"प्लास्टिक बाहेरच्या बाजूला चिकटलंय. आत नसेल गेलं तर तीन बाजू कापल्या की पुस्तकासारखं उघडेल. गेलं असेल तर फाटेल. माझी गॅरंटी नाही, बेटा."

मी त्यांना थांबवलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. कार्ड फाटलं तर स्कॉटलंड गेलंच, पण ते मी सहन केलं असतं. बाबांच्या हातचं जे काही आत होतं ते परत मिळालं नसतं. समोरच्या टपरीवर एक कटिंग घेतला, अर्धा टाकला, आणि आत येऊन म्हटलं, "कापा."

त्यांनी स्टीलची पट्टी लावली आणि ब्लेडने केसाएवढी कड काढली. एक, दोन, तीन. मग कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "तू उघड. मी नाही."

उघडलं. आतला कागद कोरडा, स्वच्छ, जराही न चिकटलेला. तारखांच्या शेजारी 'शेरा' नावाचा रकाना होता आणि त्यात बाबांचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर.

बीसीजी: झोपेत दिली. तिला कळलंच नाही.

पोलिओ: थेंब आवडले. जीभ काढून अजून मागते.

ट्रिपल: पायाला सूज. दिवसभर कडेवर.

गोवर: खूप रडली. मीही.

एमएमआर: डॉक्टरांना हात जोडून नमस्कार केला. सोडतील असं वाटलं असावं.

मी झेरॉक्सच्या मशीनला टेकून भोकाड पसरलं. शांतीभाईंनी पैसे घेतले नाहीत, उलट गिऱ्हाइकांना दहा मिनिटांनी यायला सांगितलं.

दुसरा मुक्काम घाटकोपर. एलबीएस मार्गावरून बसने जा, सकाळी अकरानंतर निघालात तर बसायला मिळतं. आम्ही तेव्हा पंतनगरला राहायचो आणि मला टोचणारे डॉक्टर कर्णिक अजून तिथेच दवाखाना चालवतात, आता दिवसातून दोनच तास. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सगळे शेरे वाचले आणि हसायला लागले.

"अगं, तुझ्या बाबांना मीच सांगितलं होतं, घरी गेल्यावर बाळाला काय होतं ते शेऱ्यात लिहा. ताप, पुरळ, गाठ असलं काहीतरी. आणि हा माणूस बघ काय लिहून बसलाय!"

मग एकेका ओळीपुढे त्यांनी सही केली, शिक्का मारला, गोवरच्या ओळीपाशी थोडं थांबले. "आई नव्हती येत. तिला सुई बघवायची नाही. तोच यायचा, फॅक्टरीत हाफ डे टाकून." त्यांच्याच लक्षात आलं की एमएमआरचा दुसरा डोस झालेलाच नाही, आणि तिकडे दोन लागतात. हे नीट वाचा, मित्रांनो: एमएमआर टोचून घेतली की टीबीची चाचणी चार आठवडे लांबते. आधी टीबीसाठी रक्त द्या, मग लस. मी शहाणपणाने तेवढं आधी उरकलं होतं. डॉक्टरांनी तिथेच दुसरा डोस दिला आणि कार्डाच्या शेवटच्या मोकळ्या ओळीत तारीख घातली. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. "तो काही माझा नाही," म्हणाले.

खाली उतरून डोसा खाल्ला, कारण घाटकोपरला येऊन उपाशी जाणं हे पाप आहे. मग मेट्रोने मरोळ नाका. पंधरा मिनिटं लागतात आणि असल्फ्याच्या टेकडीवरची रंगीत घरं खिडकीतून दिसतात.

मरोळच्या जुन्या गावठाणात परेरा अंकल राहतात. कोर्टात भाषांतर करण्यात जन्म गेला, आता घरीच टेबल टाकलंय. अंगणात क्रूस, त्याच्या पायाशी झेंडूची माळ, आणि दर काही मिनिटांनी डोक्यावरून विमान. बाबांची शेड इथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर होती. विमान आलं की अंकलचं बोलणं थांबायचं आणि गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचं. बाबाही घरी असेच बोलायचे, मध्येच थांबून. मला कधी कळलं नव्हतं ही सवय कुठून आली ती. तिथे बसल्या बसल्या मला त्यांची इतकी आठवण आली की फॉर्म, मुदत, सगळं नको झालं. वाटलं, चालत शेडपर्यंत जावं आणि सुट्टीची घंटा होईपर्यंत गेटवर उभं राहावं.

"अंकल, हे शेरे सोडून द्या ना," मी म्हटलं. "हॉस्पिटलला फक्त तारखा हव्यात. कोण रडलं याच्याशी त्यांना काय करायचंय?"

"बाय, सोडायचं काम आपलं नाय. कागदावर हाय ते सगळं उतरवायचं. खाली माझी सही हाय." त्यांनी गोवरच्या ओळीवर बोट ठेवलं. "यो कोणी लिवलाय?"

"बाबांनी."

"हायत?"

"नाहीत."

त्यांनी टाइप केलेला कागद मशीनमधून काढला, चुरगळला आणि नवा घातला. "मंग नीट करायला पायजे." एका पानाला त्यांनी दीड तास लावला. मध्येच उठून खिडकीपाशी जायचे, पुन्हा येऊन एखादा शब्द बदलायचे. जाताना म्हणाले, "खून, जमीन, घटस्फोट, सगळं उतरवलं बग जन्मभर. यो असला पयला."

मुदतीला दोन दिवस असताना सगळं स्कॅन करून पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी होकार आला. आईला एवढंच सांगितलं, "कार्ड चाललं." तिने आत काय होतं ते विचारलं नाही. मीही दाखवलं नाही.

निघाले मे महिन्यात. विमानतळाच्या दारात मी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडले. ती आपली घट्ट. "जा, उशीर होईल. खाकरे वरच्या बॅगेत आहेत." विमान उठलं तेव्हा मी काचेला नाक लावून मरोळची शेड शोधली. सगळे पत्रे सारखेच दिसत होते. एक पत्रा मी त्यांचा धरून चालले.

ग्लासगोहून पुढे तीन तासांची गाडी आहे. डाव्या हाताला बसा, पाणी त्या बाजूला दिसतं. गावात दोन दुकानं, एक धक्का आणि माणसाला न घाबरणारे समुद्रपक्षी, जे हातातला पाव उचलून नेतात. स्वस्तात पोट भरायचं तर भाजलेला बटाटा फोडून त्यात घेवडा घालतात तो घ्या आणि चटणी घरून न्या. रात्री दहापर्यंत उजेड असतो. पहिल्या आठवड्यात मला त्या उजेडाचा राग यायचा. दिवस संपतच नाही आणि बोलायला कोणी नाही.

पण सांगायचंय ते पहिल्या सकाळचं. वॉर्डात जाण्याआधी आरोग्य तपासणीच्या खोलीत मूळ कागद दाखवावे लागतात. तिथली नर्स, नाव तिचं आयला, माझ्या आईच्या वयाची, एकेक कागद बघून खूण करत होती. परेरा अंकलच्या पानापाशी तिचं पेन थांबलं. ती वाचत गेली. मग कार्ड उघडून शेजारी ठेवलं आणि इंग्रजीतली ओळ कुठली, मराठीतली कुठली, ते बोटाने जुळवत बसली.

"बीसीजीचा व्रण मला स्वतः बघावा लागतो," ती म्हणाली. मी बाही वर केली. डाव्या दंडावरचा तो खळगा, जो आपल्याकडे प्रत्येकाला असतो आणि कोणी बघत नाही. तिने अंगठा हलकेच त्यावर ठेवला.

"झोपेत दिलेली ती ही?"

मी मान हलवली. तिने फॉर्मवर लिहिलं, 'व्रण पाहिला', सही केली आणि म्हणाली, "रोज कागद तपासते मी. एवढा पूर्ण कागद कोणी आणला नव्हता."

पुढचे चार आठवडे मी पुष्कळ शिकले. तिथले डॉक्टर म्हाताऱ्या पेशंटपाशी खुर्ची ओढून बसतात हे शिकले, न बोलता ऐकायचं कसं ते शिकले. संध्याकाळी धक्क्यावर बसून आईला फोन करायचे. वरून विमान फार क्वचित जायचं, खूप उंचावरून, आवाजही यायचा नाही. तरी मी प्रत्येक वेळी बोलता बोलता थांबायचे.

परत आले तेव्हा आईने बॅग उपसायला घेतली. कपडे, डबे, मग फाइल. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी, कार्ड उघडं, चष्मा हातात. उठून गेली नव्हती.

"मला म्हणायचा, अजिबात रडत नाही तुझी लेक, शूर आहे," ती म्हणाली. "मला काळजी नको म्हणून. सगळं इथे लिहून ठेवलंय मेल्याने."

मग तिने वाणसामानाच्या यादीचं पेन उचललं. शेवटच्या ओळीवर, डॉक्टर कर्णिकांनी तारीख घातलेल्या दुसऱ्या एमएमआरपुढे, वाकून सावकाश काहीतरी लिहिलं आणि कार्ड माझ्याकडे सरकवून कुकर लावायला वळली. मोठं, गोल, शाळेतल्यासारखं तिचं अक्षर.

सुईला रडली नाही. विमानतळावर रडली. मीही.