कोरसने गप्प राहायची जागा

नोकरी गेल्याचं कुणाला सांगायचं नाही, असं नवऱ्याने मला बजावलं होतं. २००२ चा उन्हाळा होता. अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात कितीतरी मराठी घरांचं पोट टेलिकॉमवर होतं आणि टेलिकॉमचं कंबरडं मोडलं होतं. हा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गाडी काढायचा आणि लायब्ररीत जाऊन बसायचा. दुसरी कंपनी लवकर मिळाली नाही, तर व्हिसा जाणार आणि आम्ही गाशा गुंडाळणार. ज्यांच्या ओळखीने काम मिळालं असतं, त्यांच्याशीच आम्ही पॉटलकला, घरोघरचे डबे एकत्र जेवताना, हसून खोटं बोलत होतो. “चार लोकांत शोभा नको,” हा म्हणायचा. शोभा म्हणे! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात मराठी मंडळाच्या गणपतीतलं नाटक आलं. ते बसवणारे काका भारतातून मुलाकडे राहायला आलेले, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. दरवर्षीचं प्रहसन त्यांनी मोडीत काढलं आणि ग्रीक पद्धतीचं नाटक स्वतः लिहिलं. गलबतं परत न आलेल्या एका नगरीचं. मी कोरसमध्ये, म्हणजे गावकरी म्हणून एका सुरात बोलणाऱ्या घोळक्यात होते. तालमीत काका आमचं डोकं खायचे. अथेन्समध्ये नाटकाच्या दिवसांत गावाचे व्यवहार थांबायचे, नाटक हे देवाचंच कार्य होतं, कोरसमध्ये साधे गावकरी असायचे. गावाला जे दुखतंय ते गावासमोरच मांडायचं, पुढच्या रांगेत भले सरदार बसलेले असोत.

“काका, लोक बोअर होतील,” एक जण म्हणाला. “थोडी कॉमेडी ॲड करू या ना!”

“अरे, ती करमणूक नव्हती, गावाची बैठक होती,” काका उखडले. “आणि एक लक्षात ठेवा. कोरसमधल्या कुणी एकट्याने बोलायचं नाही. गाव एका तोंडाने बोलतं.”

पॉटलकच्या उरलेल्या पेपर प्लेट्सना भोकं पाडून आम्ही मुखवटे केले. राजा स्वतः काका. प्रत्येक फर्मानानंतर ते विचारायचे, “नगरजनहो, ऐकलंत?” आणि आम्ही एका सुरात म्हणायचो, “ऐकलं.” फक्त एका ठिकाणी राजा विचारतो, “कुणाला काही सांगायचंय?” आणि भ्यालेलं गाव गप्प राहतं. दर तालमीत त्या जागी मला लायब्ररीत बसलेला नवरा आठवायचा.

प्रयोगाला शाळेचा हॉल भरला होता. नवरा तिसऱ्या रांगेत, त्याच्या जुन्या टीममधल्या एका मित्राशेजारी. प्लेटच्या भोकांतून मला तो दिसत होता. “ऑफिस काय म्हणतंय?” असं त्या मित्राने विचारलं असावं, कारण नवऱ्याने हसून अंगठा वर केला.

तेवढ्यात राजाने विचारलं, “कुणाला काही सांगायचंय?”

मी पुढे झाले. “आमच्या घरातली नोकरी गेलीय. कुणाकडे जागा असेल तर सांगा.”

“हे स्क्रिप्टमध्ये नाहीये,” मागून कुणीतरी कुजबुजलं. प्रेक्षकांत कुणी हसलंसुद्धा. प्लेटने माझा चेहरा झाकला होता, आवाज थोडाच झाकला होता? नवऱ्याने मान वर केली. आता हा उठून निघून जाणार आणि आज आपला संसार मोडणार, असं मला वाटलं.

तो उठला. खुर्ची खाडकन मिटली.

“माझी,” तो म्हणाला. “माझी नोकरी गेलीय.”

हसणारे वळून बघायला लागले. तो तसाच उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते न कळून. काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग राजाच्याच आवाजात, पण जरा कापऱ्या, त्यांनी विचारलं, “नगरजनहो, ऐकलंत?”

“ऐकलं,” माझ्यामागून सगळा कोरस म्हणाला. समोरच्या खुर्च्यांतूनही काही आवाज आले, आणि त्यांत त्याच्या शेजारच्या मित्राचाही होता.

कोरसमध्ये एकट्याने बोलायचं नसतं. पण तेव्हा सगळं गाव बोललं आणि गप्प राहिले ती मी एकटीच. कागदाची प्लेट आतून भिजून माझ्या गालाला चिकटली होती.